लाइन कोणी थांबवली?

श्रोतेहो, नमस्कार. मोटारीच्या कारखान्यात गाड्या जोडायची लाइन थांबली की काय होतं, हे तिथं शिफ्टमध्ये राबलेल्याला विचारा. साहेब धावत येतात आणि पहिला प्रश्न करतात, "कोणी थांबवली?" "का थांबवली?" हे नंतर. कधीकधी तर राहूनच जातं.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा असाच एक कारखाना होता. कामगार आणि साहेबलोक यांच्यात विळ्याभोपळ्याचं सख्य. पाचातला एकजण रोज गैरहजर. काही झालं तरी लाइन चालू ठेवायची हा दंडक, मग खोट असलेली गाडीही तशीच पुढं सरकायची. १९८२ मध्ये तिथं टाळं लागलं.

दोन वर्षांनी टोयोटा आणि जनरल मोटर्सनं मिळून तोच कारखाना 'नुमी' या नावानं सुरू केला. माणसं बहुतेक जुनीच, युनियनही तीच! लाइनवर एक दोरी आली. चूक दिसली की कोणीही ओढायची. टीम लीडर मदतीला येतो. दोष तेवढ्यात दूर झाला तर ठीक, नाहीतर लाइन थांबते. त्याआधी शेकडो लीडरना शिकायला जपानला धाडलं होतं. थोड्याच काळात इथल्या गाड्या टोयोटाच्या जपानी गाड्यांच्या तोडीस तोड ठरू लागल्या आणि गैरहजेरी अगदी कमी झाली.

आता दोरीला काय पडतं हो? महाग होता तो कंपनीनं कामगारांना दिलेला शब्द. कंपनीवर मोठं संकट आल्याशिवाय कोणाला कामावरून काढणार नाही, असं युनियनबरोबरच्या करारात लिहिलं होतं. १९८८ मध्ये मागणी घटली, कारखाना जेमतेम चालत होता. तरी नुमीनं कोणाला घरी बसवलं नाही. मोकळ्या वेळात प्रशिक्षण घेतलं, कामाच्या पद्धती सुधारल्या. माझ्या मते एचआरनं, म्हणजे मनुष्यबळ विभागानं, गुणवत्तेसाठी केलेलं सगळ्यात मोठं काम हेच. भरतीचे अर्ज आणि वाढदिवसाचे केक कोणीही सांभाळेल.

आपल्याकडेही कारखान्यांत 'गुणवत्ता ही प्रत्येकाची जबाबदारी' अशी पाटी असते. शेजारी सूचनापेटी, तिची किल्ली कोणाकडे, ते वॉचमनलाही ठाऊक नसतं. आणि पाटीखाली उभा असतो कंत्राटी पोरगा, सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळणार, म्हणजे कामावरून कमी करणार, हे धरून चाललेला. त्याला बोल्ट ढिला दिसतो. तो आधी सुपरवायझरकडे बघतो, मग घड्याळाकडे, आणि गाडी पुढं जाऊ देतो.