दुखत नाही तोवर

मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आलीय, नाव नाही. ‘तपासणीत एचपीव्ही निघाला. मालकांना काय सांगू?’ बोलायचं वेगळंच ठरवलं होतं, पण आता इथूनच सुरुवात करते.

ताई, एचपीव्ही म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू. तो अंगात कधी शिरला, ते कुठलीच तपासणी सांगत नाही. संबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना तो कधी ना कधी होतो आणि दोनेक वर्षांत अंगच त्याला हाकलतं. आज सापडलेला विषाणू कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो. त्यावरून ना तुमच्या चारित्र्याचा दाखला निघतो, ना मालकांच्या. घरी एवढंच सांगा, की पिशवीच्या तोंडाची पुढची तपासणी करायचीय.

काहींच्या अंगात मात्र तो मुक्काम ठोकतो. त्याचे दोनशेच्या वर प्रकार. हातावरची साधी चामखीळसुद्धा त्यातल्याच काहींची. पिशवीच्या तोंडाच्या दहा कॅन्सरपैकी सात मात्र दोघांचेच, नंबर १६ आणि १८. पूर्वी संशय हर्पीसच्या विषाणूवर होता. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८३-८४ मध्ये खरे आरोपी दाखवले. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. पेशी बेताल वाढू नये म्हणून तिच्यात पहारेकरी असतात, त्यांनाच हा विषाणू निकामी करतो. तरी कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात. एचआयव्ही असून औषधं चालू नसतील, तर खूप कमी. आणि एवढ्या वर्षांत दुखत काहीच नाही! संबंधानंतर डाग, पाळी गेल्यावर पुन्हा लाल जाणं, हे दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

तपासणीत करतात काय? पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावायचा, म्हणजे व्हिनेगरच, आणि एक मिनिट थांबायचं. पेशी बिघडलेल्या असतील तर तिथे पांढरा चट्टा उमटतो. दुधात लिंबू पिळल्यावर होतं ना, तसलाच प्रकार. पाळी गेलेल्यांची बघायची जागा आत सरकते, म्हणून त्यांना एचपीव्हीची चाचणी बरी.

तुमच्या जिल्ह्याचं नाव यासाठी जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबादच्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीनं. काही गावांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, काहींत हे व्हिनेगर. २००९ साली निकाल आला: एचपीव्ही चाचणी एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. कुणाच्या सासूबाई असतील त्यात, विचारा घरी.

या विषाणूवरच्या लसीचंही तसंच, एकदाच घेतलेलीही कामी आली. २०१० मध्ये देशातली लसीची चाचणी मधेच थांबली आणि अनेक मुलींना एकच डोस मिळाला. पुढे वर्षानुवर्षं बघितलं, तर त्या एका डोसचंही संरक्षण टिकलेलं! ९ ते १४ हे तिचं चांगलं वय. पुण्यात बनलेली लसही आता मिळते. पण आधीच अंगात असलेला विषाणू लसीनं जात नाही, म्हणून ती आईला नाही, लेकीला.

एका गोष्टीचा मात्र मला राग येतो. अंगावरून पांढरं जातं म्हणून गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ असं घाबरवून पिशवीच काढतात. बीडच्या ऊसतोड बायकांचं हेच झालं, २०१९ ला सरकारला चौकशी करावी लागली. बिघडलेला चट्टा जाळून किंवा गोठवून काढता येतो. पाळीसारखी कळ येते आणि बाई चालत घरी जाते. तपासणीच न करता कुणी ‘पिशवी काढा’ म्हणालं, तर उठून या.

शेजारच्या खोलीत सिस्टर बसल्यात. पाळी चालू असेल तर आज नको, नंतर या. आणि चिठ्ठीवाल्या ताई, तुम्ही रिपोर्ट घेऊन सगळ्यांच्या शेवटी या, म्हणजे निवांत बोलता येईल.