शब्दाचं शेपूट आधी धरा

श्रोतेहो, नमस्कार. तपासणीच्या रिपोर्टवर ‘गॅस्ट्रोएंटरायटिस’ असं काही दिसलं, की नजर ते ओलांडून पुढे पळते. पळू देऊ नका. शब्दाचं शेपूट आधी धरा. ‘आयटिस’ म्हणजे दाह. मग मागे सरका. ‘एंटर’ म्हणजे आतडं, ‘गॅस्ट्रो’ म्हणजे जठर. झालं, जठराचा आणि आतड्यांचा दाह. उच्चारही असाच सुटा करा: गॅस्ट्रो, एंटर, आयटिस.

मला सगळ्यांत आवडतं ते ‘स्कोप’ हे शेपूट, आणि तेही एका गोष्टीमुळे. साल १८१६, गाव पॅरिस. रने लाएनेक या डॉक्टरांकडे हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी आली. त्या काळी डॉक्टर छातीला थेट कान लावून ऐकत. तरुण स्त्रीच्या बाबतीत लाएनेकना ते प्रशस्त वाटेना. तेवढ्यात त्यांना आठवलं, तुळईच्या एका टोकाला टाचणीनं खरवडलं, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्वच्छ ऐकू येतं. त्यांनी कागद घेतले, घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं आपल्या कानाशी. आणि थेट कान लावूनही कधी आले नव्हते इतके स्पष्ट ठोके ऐकू आले! पुढे कागदाच्या जागी लाकडी नळी आली, तिला नाव हवं होतं. ग्रीकमध्ये ‘स्टेथॉस’ म्हणजे छाती, ‘स्कोपेन’ म्हणजे निरखणं. स्टेथोस्कोप! साधन ऐकण्याचं, नाव पाहण्याचं. मला ते अगदी योग्य वाटतं, कारण त्या ठोक्यांवरून लाएनेक छातीच्या आतलंच पाहत होते. यकृताच्या ‘सिरोसिस’ या आजाराचं नावही त्यांनीच ठेवलं, यकृतावर दिसणाऱ्या पिवळसर तांबूस रंगावरून. नाहीतर रोगाला माणसाचं नाव देण्याची ती रीत! मला ती मुळीच पटत नाही. रुग्णाला त्यातून काय कळणार?

तर पुन्हा सांगतो, आधी शेपूट. ‘नेफ्रो’ म्हणजे मूत्रपिंड. पण ‘नेफ्रेक्टॉमी’त ते काढून टाकतात, आणि ‘नेफ्रोस्टॉमी’त त्यातून लघवी बाहेर येण्यासाठी वाट करून देतात. केवढा फरक! शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी शेपूट नीट वाचा.

शब्दाच्या तोंडाकडे, म्हणजे सुरुवातीकडे, खास लक्ष द्यायचं ते या जोडीत. ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी. नातेवाइकांना फोनवर सांगताना हे दोन शब्द सावकाश उच्चारा, आणि रक्तातल्या साखरेबद्दल असेल, तर पुढे ‘साखर जास्त’ किंवा ‘साखर कमी’ असं मराठीतही सांगा.