मेणाच्या हातातलं स्टिअरिक

(दृश्य : माउंट मेरीच्या पायथ्याचे स्टॉल)

हात, पाय, घर, बाळ, विमानसुद्धा. मोत मावलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेत ज्याचा नवस असेल ते मेणात मिळतं. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर वांद्र्याची ही टेकडी गजबजलेली असते. विमान कशासाठी, हे मुंबईकराला सांगायला नको.

(दृश्य : पातेल्यात पडणारा पांढरा चुरा)

पॅराफिन, म्हणजे खनिज तेलातलं मेण, एकटं मुंबईच्या उकाड्यात टिकत नाही, मेणबत्ती मान टाकते. म्हणून त्यात हे पडतं, स्टिअरिक ॲसिड. नावात ॲसिड असलं तरी हाताला लागलं तर भाजत नाही. १८ कार्बनची सरळ साखळी, मध्ये एकही दुहेरी बंध नाही. त्यामुळे रेणू जुडीतल्या उदबत्त्यांसारखे एकमेकांना चिकटून बसतात आणि शुद्ध स्टिअरिक वितळायला सुमारे ६९ अंश सेल्सिअस लागतात. बाजारातल्या मालात पामिटिक ॲसिडही भरपूर असतं, तो त्याआधीच वितळतो.

(दृश्य : साचा उघडताना)

आता नीट बघा. थंड होताना मिश्रण किंचित आकसतं, साच्याची कड सोडतं. मेण ओतणाऱ्या ताईंनी हलकेच टिचकी मारली आणि पाचही बोटं अखंड बाहेर आली. मेण दुधासारखं पांढरं दिसतं, तेही स्टिअरिकमुळेच. प्रमाण किती? ताई वजन करत नाहीत, डोळ्यांनी ठरवतात. ही नजर कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

(दृश्य : जुनी चित्रं)

पूर्वी युरोपात गरिबाघरी चरबीच्या मेणबत्त्या जळायच्या. धूर व्हायचा, वास यायचा. फ्रान्सच्या शेवरलने चरबीचं रसायन उलगडलं : ग्लिसरीन वेगळं, आम्लं वेगळी. १८२५ साली त्याने आणि गे-ल्युसॅकने या आम्लांच्या मेणबत्तीचं पेटंट घेतलं. द्रवरूप ओलेइक आम्ल दाबून काढून टाकायचं, मागे कडक पांढरी वडी उरते. दाबून वेगळं करण्याची ही रीत पुढे या धंद्यात रुळली.

(दृश्य : टायरचं दुकान, औषधाची पट्टी, जुन्या क्रीमची बरणी)

टायरच्या रबरात झिंक ऑक्साइडच्या जोडीला हेच असतं, व्हल्कनायझेशनला, म्हणजे गंधकाने रबर पक्कं करण्याला, मदत करतं. गोळ्या बनवताना भुकटी यंत्राला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात. आणि आजीच्या कपाटातला स्नो! अफगाण स्नो मुंबईतलाच. अशा गालावर जिरणाऱ्या क्रीमचा पाया स्टिअरिक आणि थोडा अल्कली.

खाण्यात ते कोको बटरमध्ये भरपूर असतं. इतर बऱ्याच संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) आम्लांसारखं ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल फारसं वाढवत नाही.

(दृश्य : गोणी उतरवताना)

आज बरंचसं स्टिअरिक पामतेलातून येतं. पामच्या लागवडीसाठी इंडोनेशिया-मलेशियात जंगलं तुटली आहेत. तिथे आमचा कॅमेरा गेलेला नाही.

(दृश्य : स्टॉल, गिऱ्हाईक)

जत्रेच्या आठवड्यात ताई दुसरं काहीच हाती घेत नाहीत. आता पायांची मागणी आहे. साचे धुऊन ठेवलेत, पातेलं पुन्हा चढलंय.