औषध का सोडलंस?

श्रोतेहो, नमस्कार.

क्षयरोगाचं नेहमीचं औषध सहा महिने घ्यायचं असतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, अंगात जीव येतो, आणि नेमक्या तिथेच पुष्कळ जणांच्या गोळ्या बंद पडतात. मग सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांच्या, म्हणजे रुग्णांच्या घरच्या-पैशाच्या अडचणी बघणाऱ्यांच्या, टेबलासमोर एखादी बाई येऊन बसते. पहिला प्रश्न ठरलेला: "औषध का सोडलंस?"

या 'का'बद्दल आज बोलू.

'का' म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो. "गावाला गेले होते," हे उत्तर तयारच असतं. खरं कारण निराळं. या औषधांतल्या रिफॅम्पिसिनमुळे लघवी केशरी होते. त्यात भिण्यासारखं काही नाही, पण आधी कुणी सांगितलंच नसेल तर तिला वाटतं, रक्त जातंय. किंवा गोळीनंतर इतकं मळमळतं की चार घरची धुणीभांडी होत नाहीत. किंवा सासूला आजार कळू द्यायचा नाही, म्हणून गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यात दडवलंय. आणि सासू स्वयंपाकघरात असेतोवर त्या डब्याला हात लावायची सोय नाही.

तेव्हा असं विचारून बघा: "शेवटची गोळी कधी घेतलीत? त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं, सांगाल?" दिवस सांगता सांगता कारण बाहेर पडतं. 'सांगाल' हे मुद्दाम म्हटलं. इस्त्रीच्या कपड्यांना 'अहो' आणि विटक्या साडीला 'अगं', ही आपल्याकडची जुनी खोड. समानुभूतीच्या कार्यशाळा राहू द्या, आधी ही मोडली पाहिजे.

पहिली दहा मिनिटं फॉर्म मिटलेला ठेवा. रेशनकार्ड, उत्पन्न, आधार हे सगळं लागतंच, पण तिथून सुरुवात केली की ती पुढचं सगळं तशाच एका शब्दात सांगते. खुर्ची टेबलापलीकडे नको, कोपऱ्याशी घ्या. सोबत आलेला नवरा किंवा सासू तिच्यावतीने उत्तरं देत असेल तर वाद घालू नका. त्यांना केसपेपर काढायला खिडकीवर पाठवा. रांग असतेच, तेवढा वेळ मिळतो.

ती बोलता बोलता थांबली तर आपणही थांबा. मनात दहा अंक मोजा. बहुतेक कार्यकर्ते तिसऱ्या अंकालाच सल्ला द्यायला लागतात. "मला कळतं हो तुमचं दुःख," हे वाक्य टाळा. तिच्या मनात लगेच येतं, तुम्हाला कुठून कळणार? त्याऐवजी ऐकलं तेच परत सांगा: "म्हणजे कामं सुटतील याची धास्ती आहे, आजाराची तेवढी नाही. बरोबर ना?" चुकलं तर ती दुरुस्त करील, आणि त्या दुरुस्तीतच पुष्कळदा मूळ गोष्ट असते.

इथे एक खड्डा आहे. कळवळा येतो आणि हात खिशाकडे जातो. स्वतःचे दोनशे रुपये दिलेत की ती मिंधी होते, आणि पुढच्या वेळी चुकलेली गोळी लपवते. त्यापेक्षा निक्षय पोषण योजनेचे, म्हणजे क्षयरुग्णाला आहारासाठी सरकारकडून मिळणारे, पैसे मिळतात का ते बघा. नोव्हेंबर 2024पासून ते महिना 500चे 1000 रुपये झाले. खात्यात आले का, एवढंच विचारून भागत नाही. काढून कोण आणतं, तेही विचारा.

"बघते मी, करते काहीतरी," असं सांगून पाठवू नका. गुरुवारी बँकेचं पासबुक आणा, मळमळीबद्दल आज डॉक्टरांशी मी बोलते, एवढं नेमकं सांगा. आणि गुरुवारी जागेवर असा.

ती गेल्यावर फाइलमध्ये 'रुग्ण सहकार्य करत नाही' असं लिहायचा मोह होतो. ते वाचून पुढचा माणूस तिच्यावर डाफरणारच. लिहायचं असं: 'सकाळी गोळीनंतर मळमळ, कामाचे खाडे, घरात आजार सांगितलेला नाही.'

राहिला पाठपुरावा. फोन करण्याआधी नंबर कुणाचा आहे ते विचारून ठेवा. घरी एकच फोन असतो आणि पुष्कळदा तो मुलाच्या खिशात. कोणत्या वेळी लावू, दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू, हे तिच्याकडूनच ठरवून घ्या. घरभेटीचंही तसंच. रुग्णालयाची गाडी दारात थांबली की अख्ख्या चाळीला कळतं. गाडी नाक्यावर सोडा, किंवा तिला चालत असेल तर घराऐवजी अंगणवाडीत भेटा.

नमस्कार.