सनद दाखवा

श्रोतेहो, नमस्कार.

१६३४ सालचा वसंत. आज जिथे अमेरिकेतलं बोस्टन शहर आहे, तिथे तेव्हा लाकडी घरांची एक लहानशी वस्ती होती. मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर होता जॉन विन्थ्रॉप. त्याच्याकडे आसपासच्या गावांतून माणसं आली, प्रत्येक गावची दोन-दोन. त्यांचं मागणं फार मोठं नव्हतं. म्हणाली, राजानं दिलेली सनद आम्हाला बघायची आहे.

सनद म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको. वतनाचा तंटा निघाला की दप्तराचे रुमाल सुटायचे, जुना कागद बाहेर यायचा आणि त्यातल्या एकेका शब्दावर पिढ्यान् पिढ्या भांडणं चालायची. अमेरिकेच्या राजकारणाची सुरुवातही अशीच कागदावरून झाली. आपण युद्धं आणि सेनापती लक्षात ठेवतो. मला मात्र त्या गावकऱ्यांची मागणी जास्त महत्त्वाची वाटते.

मुळात मॅसॅच्युसेट्स बे ही एक व्यापारी कंपनी होती. १६२९ साली इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स यानं तिला सनद दिली. अशा कंपन्यांच्या भागधारकांची सभा लंडनमध्ये भरायची, म्हणजे राजाच्या नजरेसमोर. या सनदेत मात्र सभा कुठे भरवायची याची ओळच नव्हती. ती विसरली गेली की कुणी हुशारीनं गाळली, हा वाद इतिहासकारांना पुरून उरला आहे. कंपनीच्या लोकांनी त्या रिकाम्या जागेचा फायदा घेतला. १६३० साली विन्थ्रॉप 'आर्बेला' जहाजानं निघाला, तेव्हा सनदही सोबत नेली. कंपनीची सभा समुद्र ओलांडून गेली आणि तिकडे तिचं सरकार झालं.

विन्थ्रॉप आणि त्याचे मोजके सहकारी यांनी कारभार आपल्याच हातात ठेवला. १६३२ मध्ये शेजारच्या गावाभोवती कुंपण घालायला त्यांनी सगळ्या गावांवर पट्टी बसवली. वॉटरटाउनचे लोक अडून बसले. आम्हाला न विचारता आमचा पैसा कसा घेता? विन्थ्रॉपनं त्यांना बोलावून समज दिली, त्यांनीही माफी मागितली. पण त्याच वर्षी ठरलं, की पट्टी बसवताना प्रत्येक गावच्या दोन माणसांचा सल्ला घ्यायचा. दोन वर्षांनी हीच गावं सनद बघायला आली. वाचली, तर आत लिहिलेलं, की कायदे करायचे ते कंपनीच्या सर्वसाधारण सभेनं! मूठभरांनी नव्हे. पुढच्याच महिन्यात गावांचे प्रतिनिधी सभेत बसले, आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत विन्थ्रॉपचं गव्हर्नरपद गेलं.

आता लगेच रामराज्याचं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. मत होतं ते चर्चचे सभासद असलेल्या पुरुषांनाच. बायका नाहीत, नोकर नाहीत. आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळं चाललं होतं त्या मूळ रहिवाशांचा तर प्रश्नच नाही.

दक्षिणेकडे व्हर्जिनियात याआधीच एक सभा भरली होती. तीही वसाहत कंपनीचीच, १६०७ साली जेम्सटाउनला वसलेली. उपासमार आणि रोगराई यांनी ती जवळजवळ संपलीच होती. तिला तारलं तंबाखूनं. ३० जुलै १६१९ रोजी तिथल्या चर्चमध्ये वसाहतीचे २२ प्रतिनिधी जमले. उन्हाळा असा, की सभा चालू असताना त्यांतला एक जण दगावला. तंबाखूचा भाव ठरवणं हे त्यांच्या पहिल्यावहिल्या कामांपैकी एक. त्यानंतर महिन्याभरात 'व्हाइट लायन' नावाचं जहाज किनाऱ्याला लागलं. त्यात आफ्रिकेतून पकडून आणलेली विसाहून थोडी जास्त माणसं होती. धान्यसामग्री घेऊन ती माणसं देऊन टाकली गेली. त्यांच्या हाती कसलीच सनद नव्हती. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

पुढची दीडशे वर्षं मी भरभर ओलांडतो. सनदा दिल्या गेल्या, काढून घेतल्या गेल्या. कनेटिकटमध्ये राजाचा माणूस सनद जप्त करायला आला तेव्हा म्हणे खोलीतल्या मेणबत्त्या विझल्या आणि सनद एका ओकच्या ढोलीत जाऊन लपली. दंतकथा असेल, पण लोक दंतकथा रचतात ती जीव लावलेल्या वस्तूचीच.

उठसूट कागद पुढे करणाऱ्या या लोकांवर ब्रिटिश पार्लमेंटनं १७६५ साली कर बसवला, तोही कागदावर. फ्रान्सशी झालेल्या युद्धानं ब्रिटनच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला होता. म्हणून दस्तऐवज, वर्तमानपत्रं, पंचांगं, अगदी पत्त्यांचा जोडसुद्धा स्टँपाशिवाय चालणार नाही, असं ठरलं. दुखावलं कुणाला? वकिलांना आणि छापखानेवाल्यांना. म्हणजे ज्यांना ओरडता येतं नेमकं त्यांनाच. पार्लमेंटमध्ये आमचा माणूस नाही, मग कर कसला? वॉटरटाउनचाच प्रश्न, फक्त आता तेरा वसाहतींच्या तोंडी. वर्षभरात कर मागे घेतला गेला, पण हक्क सोडला नाही.

डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या बुडाल्या, ते तुम्ही शाळेत वाचलं असेल. कंपनीचं नाव ऐकून अनेकांना तो चहा आपल्याकडचा वाटतो. तो चीनचा होता; आसामचे मळे तेव्हा अजून लागायचे होते. पण चहापेक्षा मोठी गोष्ट घडली ती त्यानंतर. शिक्षा म्हणून पार्लमेंटनं १७७४ साली मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली. सल्लागार मंडळ यापुढे राजा नेमणार, आणि गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच.

चहा ही शहरातली गोष्ट होती. गावसभा मात्र घराघराची. त्या सप्टेंबरात वूस्टर या गावी न्यायालय उघडायच्या दिवशी ३७ गावांतून ४,६२२ माणसं येऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. मोजणी त्यांनी स्वतः केली होती, म्हणून आकडा इतका नेमका. राजाच्या न्यायाधीशांना टोप्या काढून त्या रांगांमधून चालावं लागलं. नव्या कायद्याखाली काम करणार नाही, हे पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचावं लागलं. एक गोळी सुटली नाही. लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटली ती पुढच्या एप्रिलमध्ये. मला विचाराल तर तिथली राजाची सत्ता त्या सप्टेंबरातच संपली होती.

४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजावरच्या आरोपांची लांबलचक यादी आहे. त्यात एक आरोप स्पष्ट लिहिलेला आहे: यानं आमच्या सनदा हिरावून घेतल्या. जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दलही एक तिखट परिच्छेद होता. तो काँग्रेसनं, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेनं, गाळला. लिहिणारा स्वतः गुलामांचा मालक, आणि गाळणाऱ्यांतही मालक कमी नव्हते. ऱ्होड आयलंडनं तर गंमतच केली. राजाशी नातं तोडलं, पण राजानं १६६३ साली दिलेली सनद ठेवली, आणि तिच्यावरच १८४३ पर्यंत राज्य चालवलं!

युद्धाबद्दल फार बोलत नाही. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली तो लॉर्ड कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणवर तो चालून गेला, तेव्हा हरिपंत फडक्यांचं मराठी सैन्य त्याच्या बाजूला होतं. तिकडे हरलेला इकडे आपल्या मदतीनं जिंकला.

स्वातंत्र्य मिळालं, पण पहिला संघ लुळाच होता. काँग्रेसला कर लावायचा अधिकार नाही, आणि राज्यांनी आपसात केलेल्या संघाच्या करारात बदल करायला तेरा राज्यांचं एकमत हवं. म्हणून मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात बारा राज्यांचे ५५ प्रतिनिधी बसले. ऱ्होड आयलंड आलंच नाही. बाहेर बातमी फुटू नये म्हणून ऐन उन्हाळ्यात बंद दाराआड नव्या राज्यघटनेची चर्चा. लहान राज्यांना सिनेटमध्ये बरोबरीची जागा मिळाली, मोठ्यांना लोकसंख्येनुसार प्रतिनिधिगृह. पण लोकसंख्येत धरायचं कुणाला? दक्षिणेच्या राज्यांना गुलामांना मत द्यायचं नव्हतं, मोजायचं मात्र होतं. ठरलं, की पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. १६१९ साली सनदेविना उतरलेल्यांचे वंशज आता कागदावर आले, ते असे. तरी 'गुलाम' हा शब्द कुठेही नाही. 'इतर व्यक्ती' म्हटलं आहे. लिहिणाऱ्यांना लाज होती, एवढं त्यावरून दिसतं.

शनिवार, १५ सप्टेंबरला घटनेचा मजकूर ठरला. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातला जेकब शॅलस नावाचा सहायक कारकून तो चामड्याच्या चार मोठ्या पानांवर लिहायला बसला. मेहनताना तीस डॉलर. सोमवारी सह्यांची वेळ आली, तेवढ्यात एकानं सुचवलं, की चाळीस हजार लोकांमागे एक प्रतिनिधी फार कमी आहे, तीस हजार करा. तेव्हा सभेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन उठले. अख्खा उन्हाळा ते चर्चेत जवळजवळ गप्पच होते. ते म्हणाले, हा बदल व्हावा अशी माझी इच्छा आहे. कुणी विरोध केला नाही.

शॅलसनं आधी लिहिलेला शब्द खरवडला आणि त्या जागी 'तीस' लिहिलं. मग शेवटच्या पानावर, सह्यांच्या डाव्या बाजूला, बारीक अक्षरात शुद्धिपत्र जोडलं: पहिल्या पानावर पंधराव्या ओळीतला 'तीस' हा शब्द काही अंशी खाडाखोडीवर लिहिला आहे. आणि त्याखाली, आपल्याकडे खरेदीखतावर करतात तशी, साक्षीची सही: विल्यम जॅक्सन, सचिव.

नमस्कार.