चांगीच्या भिंतीआडच्या गोधड्या

नमस्कार मंडळी.

आपण बहुतेक सगळे सिंगापुरात उतरलो ते चांगी विमानतळावर. बॅगा ट्रॉलीवर, पोर कडेवर. आज मला बोलायचं आहे ते चांगीच्या तुरुंगाविषयी.

15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. युद्धकैदी झालेल्या सैनिकांच्या हालांविषयी आपण ऐकून असतो. पण ज्यांनी कधी बंदूक धरली नाही, असे डॉक्टर, नर्स, शिक्षिका, कारकून आणि त्यांची बायकामुलंही केवळ शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून डांबली गेली. 8 मार्चला बायकामुलांना कटाँगहून चांगीपर्यंत चालवत नेलं. सुमारे 600 कैद्यांसाठी बांधलेल्या तुरुंगात जवळजवळ 3000 माणसं कोंबली. एका कैद्याच्या कोठडीत तिघं. मधोमध सिमेंटचा ओटा. एकानं त्यावर झोपायचं, दोघांनी खाली फरशीवर.

जेवण म्हणजे मुख्यतः भात. पॉलिश केलेल्या तांदळात बी-1 जीवनसत्त्व फारसं उरत नाही, म्हणून बेरीबेरी हा नसा आणि हृदय दुबळं करणारा आजार व्हायचा. कुपोषणावरच्या कामासाठी नावाजलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स तिथेच कैदेत होत्या. छावणीत 20 बाळं जन्मली. वीसही आईच्या दुधावर वाढली, वीसही जगली. आया स्वतः अर्धपोटी होत्या, हे लक्षात घ्या. विल्यम्सबाईंना पुढे जपानी लष्करी पोलिसांनी कित्येक महिने कोठडीत ठेवलं.

बायका आणि पुरुष वेगवेगळ्या भागांत. नवरा भिंतीपलीकडे आहे की दूरच्या सैनिकी छावणीत, की मेला, कळायला मार्ग नाही. मग एथेल मुलव्हेनी या कॅनेडियन बाईंनी गोधड्यांची कल्पना काढली. प्रत्येकीनं सहा इंचाच्या चौकोनी तुकड्यावर आपलं नाव आणि मनातलं काही भरायचं. असे 66 तुकडे जोडून एक गोधडी. ती सैनिकांच्या इस्पितळात पोचली की नाव वाचून नवऱ्याला कळावं, बायको जिवंत आहे. तीन गोधड्या झाल्या: एक ब्रिटिश जखमींसाठी, एक ऑस्ट्रेलियन, आणि एक जपानी जखमींसाठी. पहारेकऱ्यांची परवानगी मिळायला ही तिसरी कामी आली, असं म्हणतात. पण तिच्या मागच्या बाजूला त्या जपानी जखमींच्या वेदनेबद्दल सहानुभूतीचे शब्द भरले आहेत, आणि ते मला खरेच वाटतात. माझ्या आजीनं जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्यात ऊब होती. यांत निरोप होता.

एक तुकडा शीला ॲलन या मुलीचा आहे. सिंगापूर पडलं तेव्हा ती 17 वर्षांची होती. जन्म मलायातला, म्हणजे आजच्या मलेशियातला, वडील ऑस्ट्रेलियन. तिनं ऑस्ट्रेलियाचा नकाशा भरला. वडील त्याच छावणीत पुरुषांच्या बाजूला होते. 1945 मध्ये, सुटका अगदी तोंडावर आली असताना, ते कैदेतच वारले. युद्ध संपल्यावर शीला ऑस्ट्रेलियाला गेली, एकटी.