इमारतींचे फोटो, पोटापाण्यासाठी

श्रोतेहो, नमस्कार. आर्किटेक्चर फोटोग्राफीत उतरू पाहणारी मुलं मला पहिला प्रश्न विचारतात, ‘कॅमेरा कुठला घेऊ?’ मी उलट विचारते, ‘सूर्य कुठून उगवतो, माहीत आहे ना?’ मुलं हसतात. हसू देत.

मुंबईच्या ओव्हल मैदानात एक अख्खा दिवस घालवा. मैदानाच्या पश्चिमेला आर्ट डेको, म्हणजे १९३०च्या सुमाराच्या आधुनिक शैलीतल्या इमारतींची रांग, तिची तोंडं पूर्वेकडे. समोर त्याआधीच्या गॉथिक शैलीतल्या दगडी इमारती: विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. यांची तोंडं पश्चिमेकडे. या दोन्ही बाजू २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. सकाळी आर्ट डेकोवर कोवळं ऊन पडतं, तेव्हा राजाबाई टॉवरची मैदानाकडची बाजू सावलीत असते. दुपार कलली की नेमकं उलटं. आता बारकाईनं बघा. ऊन वर चढतं तशी डेको इमारतींच्या छज्ज्यांची सावली भिंतीवरून खाली उतरत जाते आणि सपाट वाटणाऱ्या दर्शनी भागाला खोली येते. समोरच्या गॉथिक दगडाला दीड-दोनचं ऊन भिंत घासून जातं, तेव्हा त्यातलं कोरीवकाम उठून दिसतं. मावळतीचं ऊन थेट तोंडावर येतं. रंग सोन्यासारखा, पण कोरीवकाम झोपलेलं. बहुतेक जण सोन्याच्या मागे लागतात. मी दोनच्या उन्हात घाम गाळीन.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगते. तो सरळ समपातळीत धरा. वर कलवला की इमारत मागे रेलते. कॅमेरा न कलवता इमारतीचा माथा चौकटीत आणणारी टिल्ट-शिफ्ट लेन्स नवी घ्यायची तर बहुधा लाखाच्या वर जाते. सुरुवातीला ती भाड्यानं आणा. ट्रायपॉड मात्र दणकट आणि स्वतःचा हवा.

दुसरी गोष्ट, इमारतीचा नकाशा वाचायला शिका. एकोणिसाव्या शतकातले नामवंत फोटोग्राफर लाला दीनदयाळ रुडकीला इंजिनिअरिंग शिकले होते, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. मध्य भारतातल्या वास्तूंचे त्यांचे गाजलेले फोटो या शिक्षणानंतरचे. तुम्ही इंजिनिअर व्हा असं नाही. पण आर्किटेक्टकडून प्लॅन आणि सेक्शन (इमारतीच्या उभ्या छेदाचं चित्र) मागून घ्या, उत्तर दिशा बघा, जिना कुठे वळतो, अंगणातला उजेड कुठवर पोचतो ते घरी बसून ठरवा. शूटच्या दिवशी मग धावपळ होत नाही.

काम कुठून मिळतं? मोठ्या बिल्डरच्या दारात ताटकळू नका. पहिलंवहिलं घर बांधून झालेला तरुण आर्किटेक्ट शोधा. त्यालाही फोटो हवे असतात आणि त्याच्याशी जमलेलं नातं दोघांबरोबर वाढतं. १९३६ साली लॉस एंजलिसमध्ये ज्युलियस शुलमन या पंचविशीतल्या हौशी मुलानं खिशातल्या कोडॅकनं रिचर्ड नॉयट्रा या आर्किटेक्टच्या एका नव्या घराचे फोटो काढले. नॉयट्रांना ते आवडले, त्यांनी आणखी मागवले आणि तिथून शुलमनचा व्यवसायच सुरू झाला.

आणि आता पैशाचं, जे आपल्याकडे चहा संपेपर्यंत कुणी काढत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार इमारतीचा फोटो काढल्यानं आर्किटेक्टच्या कॉपीराइटचा भंग होत नाही. मात्र आवारात शिरायला, ट्रायपॉड उभा करायला परवानगी लागते, ती वेगळी बाब. खरी मेख पुढे आहे. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार झाला नसेल, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो, तुम्ही नाही! एकाच घराचे फोटो आर्किटेक्टला हवे असतात, खिडक्या पुरवणाऱ्यालाही आणि दिवेवाल्यालाही. म्हणून कोटेशन देतानाच एक पान लिहा: फोटोंचे हक्क माझ्याकडे, आर्किटेक्टला वापर अमुक ठिकाणी अमुक वर्षं, इतरांना हवे असतील तर त्यांनी माझ्याशी वेगळं बोलावं. खाली दोघांची सही, तारखेसह, आणि तीही शूटच्या आधी.